सुकूच्या लॅपटॉपला वारं

२ मे

मी रिटायर झालो त्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी शाल दिली, फेटा बांधला आणि ही डायरी दिली. मी शिकवून तयार केलेला कंडक्टर सिद्धोधन म्हणाला, "मामा, आता निवांत बसून लिवत जा." निवांत कशाला म्हणतात ते मला ठावं न्हाई. सारी उमर एसटीत उभ्यानं काढली, गंगाखेड-परभणी आणि परभणी-गंगाखेड. आता घरात खुर्चीत बसलो की पाय आपोआप हलायला लागतो. बायको मालन म्हणती, "पाय हलवू नका, खुर्चीचे बोल्ट ढिले व्हायलेत."

आज लिहायला बसलो त्याला कारण सुकूचा लॅपटॉप. आमची एकुलती एक लेक सुकेशनी संभाजीनगरला ॲनिमेशन शिकून आली. पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं तिला नमुना मागितलाय. गावाकडचा एखादा देखावा कॉम्प्युटरात उभा करायचा आणि वीस तारखेच्या आत पाठवायचा. पसंत पडला तर नोकरी. तिच्या संगतीच्या पोरींना कवाच लागल्या. हिला एवढा एकच दरवाजा उघडा राहिलाय.

ह्या कामाला साधा लॅपटॉप चालत न्हाई, गेमिंगचा लागतो. तसा हाय. पण सुकूची खोली माडीवर, वर पत्रा. मे महिन्यात तिथं माणूस शिजून निघतो. काम रंगात आलं की लॅपटॉप घरघर करतो, तापतो आणि एकदम काळा पडतो. सेव्ह केलेलं न्हाई ते सारं गेलं. आज दोनदा पडला.

आमी त्याला जपत न्हाई असं बी न्हाई. एवढी भारी वस्तू उघड्या टेबलावर कशी ठेवायची म्हणून मालननं त्याच्या मापाची छोटी गोधडी शिवलीय. सुकूच्या बारशाला नेसलेलं निळं पातळ होतं, त्याची. चांगली जाड, काठाला दोऱ्याची फुलं. डोळ्याचं आपरेशन झाल्यापासून मालननं सुई हातात धरली नव्हती. ही तिची पहिली शिवण. टेबलावर लय शोभून दिसती.

४ मे

परभणीला जाऊन आलो. माझ्या जुन्या ड्रायव्हरचा पोरगा बालाजी तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला विचारलं.

तो म्हणाला, "काका, लॅपटॉप खालून हवा वढतो आणि बाजूनं गरम करून सोडतो. गेमिंगचा असला की त्याला जास्त हवा लागती. कूलिंग पॅड घ्या. वर जाळी असती, आत पंखे. लॅपटॉपलाच वायर लावायची, की खालून वारं घालतो."

"घरचा कूलर लावला त्याच्या म्होरं तर?"

"पाण्याचा कूलर? त्याचं वारं दमट असतं. आत ओल धरली म्हणजे गंजून बसंल. ठेवता कशावर तुमी? गादीवर, पलंगावर न्हाई ना?"

"छ्या. टेबलावर. सागवानी टेबल हाय."

"मग ठीक हाय," म्हणाला आणि त्यानं पॅड काढून दाखवायला सुरुवात केली. एक दोन मोठ्या पंख्यांचा. एक बारक्या बारक्या सहा पंख्यांचा, त्यात निळे-जांभळे दिवे लागतात. एकाच्या कडेला चारी बाजूनं फोमची पट्टी, म्हणजे वारं इकडं तिकडं न जाता सरळ लॅपटॉपच्या पोटात जाणार, पण आवाज पिठाच्या गिरणीवाणी. मला काय ठरवता येईना. रिकाम्या हातानं परत आलो.

६ मे

लॅपटॉपचं माप इंचात सांगतात आणि ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरतात, हे मला आज कळलं. मी शिंप्याच्या टेपनं आडवं मोजलं होतं. बरं झालं त्या दिवशी घेतला न्हाई.

शेजारचे भगवानराव कुंपणावरून म्हणाले, "दत्तराव, पोरगी दिवसभर गेमच खेळायली का?" मी सांगितलं की ती खेळत न्हाई, गेम बनवती. तर म्हणाले, "हे तर जास्तच झालं. खेळणारा एखांद्या टायमाला सुधरतो तरी." त्यांच्या नादी लागण्यात अर्थ न्हाई. मी घरात येऊन मोबाईलवर कूलिंग पॅडचे व्हिडिओ बघत बसलो. एक जण म्हणतो पंखे जास्त पाहिजेत. दुसरा म्हणतो पंखे जास्त म्हणजे वारं कमी, एकच मोठा घ्या. तिसरा म्हणतो पॅड फिजूल हाय, मागं दोन पुस्तकं लावून उचलून ठेवा. तिघंबी छातीठोक बोलतात. डोस्कं उठलं.

मालन म्हणाली, "किती दिस झाले बघायलाव. पॅड बघायलाव का सून?"

मी म्हणालो, "सुनेचं एक बरं असतं, ती बी आपल्याला नापसंत करती. इथं सारं मलाच करावं लागायलंय."

सुकू हसली. लय दिवसानं हसली.

९ मे

आज एक गंमत बघितली. मालन बाजारला गेली होती. मी पाणी द्यायला माडीवर गेलो, तर लॅपटॉप चार पालथ्या वाट्यांवर ठेवलेला आणि गोधडी घडी करून सुकूच्या मांडीवर. काम झपाझप चाललेलं, घरघर न्हाई, काय न्हाई. मी म्हणालो, "वाट्या कामून लावल्यास? भाजीला वाटी सापडंना म्हणून आई सकाळी वरडत होती." ती दचकली. एवढ्यात खाली मालनचा आवाज आला. सुकूनं पटकन वाट्या काढल्या, गोधडी टेबलावर पसरली, हातानं सारखी केली आणि लॅपटॉप परत तिच्यावर ठेवला.

आजकालच्या पोरींचं काय समजत न्हाई. कामाचा ताण असंल.

दुपारून लॅपटॉप परत पडला.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. सकाळी विहारात वंदनेला गेलो. मालननं खीर केली. सुकू पांढरी साडी नेसून आली होती, तिला बघून बाया मालनला विचारायल्या, "पुण्याला जाणार म्हणं पोरगी?" मालन म्हणाली, "नमुना पसंत पडला तर." सगळ्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. मी बाजूला चप्पल शोधत उभा राहिलो.

इथं खरं लिहायला हरकत न्हाई, ही डायरी कुणी वाचत न्हाई. खीर खाताना माझ्या मनात आलं की लॅपटॉप असाच पडत राहिला, नमुना गेला न्हाई, तर सुकू घरीच राहील. परभणीला एखांद्या शाळेत कॉम्प्युटर शिकवील. सांच्याला घरी येईल. हे मनात आलं आणि खिरीची वाटी तशीच खाली ठेवली. बाप हाय का कोण हाय मी. मालननं विचारलं, "गोड कमी झालं का?" मी म्हणालो, "न्हाई, बरोबर हाय."

उद्या पॅड आणायचाच.

१३ मे

गेलो न्हाई. ऊन लय होतं.

१४ मे

सुकूनं सकाळी नुसतं एवढंच विचारलं, "बाबा, मिळंना का कुठं?" त्या आवाजानं मी तसाच उठलो आणि परभणीची गाडी पकडली. दोन मोठ्या पंख्यांचा घेतला. आवाज बेताचा, जाळी लोखंडी, मागून उचलता येतो. दुकानात चालू करून त्याच्यावर हात धरला, चांगलं वारं लागलं. दिवा एकच, निळा. मालनला निळा आवडंल म्हणून तोच घेतला.

घरी तिघांनी मिळून मांडला. टेबलावर पॅड. मालन म्हणाली, "जाळी लोखंडाची हाय, लॅपटॉपला चरे पडतील," आणि पॅडवर गोधडी अंथरली. तिच्यावर लॅपटॉप. पंखे चालू झाले, गोधडीचा काठ जरा जरा हलायला लागला. मालन कौतुकानं म्हणाली, "बघा, वारं येतंय." मी सुकूकडं बघितलं. ती काठाच्या फुलांकडं बघत होती. मग म्हणाली, "छान हाय बाबा."

माझ्या मनावरचं वझं उतरलं.

१६ मे

सगळं मुसळ केरात. दुपारून लॅपटॉप असा पडला की तासभर उठंचना. सुकूनं झाडाखाली पडणारी सावली केली होती, ती गेली. पोरगी टेबलावर डोकं ठेवून रडली. लहानपणी पडली तरी रडायची न्हाई, उठून धूळ झटकायची.

मी म्हणालो, "हा पॅड खोटा दिलाय बालाजीनं. उद्या जाऊन त्याच्या तोंडावर मारतो."

"बाबा, पॅडचं काय चुकलं न्हाई."

"मग कशाचं चुकलं?"

दारात मालन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. सुकूनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कशाचंच न्हाई. ऊन हाय नुसतं."

आता चारच दिवस राहिले. मला घरात थांबवंना. चप्पल घालून गोदावरीपर्यंत गेलो, पाणी कुठं दिसंना, नुसती वाळू. परत आलो. परत गेलो.

१७ मे

बालाजीशी भांडायला गेलो. त्यानं पॅड तपासला, पंखे बरोबर. म्हणाला, "काका, मग लॅपटॉपच खोलून साफ करावा लागंल. चार दिवस ठेवून जा." चार दिवस ठेवला म्हणजे संपलंच की. पॅड काखेत मारून परत निघालो.

येताना गाडी पोखर्णीच्या पुढं तापली. ड्रायव्हर खाली उतरला, मी बी उतरलो, सवय हाय. बघतो तर कुणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स फाटून, उडून गाडीच्या तोंडावरच्या जाळीला चिकटलेलं. पुढाऱ्याचा हसरा चेहरा अख्ख्या जाळीवर. इंजिनाला हवाच मिळंना. ड्रायव्हरनं फ्लेक्स वढून काढलं, पाणी टाकलं, जरा थांबलो आणि गाडी गंगाखेडपर्यंत बिनतक्रार आली.

घरी आल्यावर चुलीपाशी बसून हे दोघींना रंगवून सांगितलं. म्हणालो, "पुढारी कुठं बी चिकटला की गाडीचा दम कोंडतोच." मला वाटलं हसतील. सुकू हसली न्हाई, खाली बघत राहिली. मालन भाकरी थापता थापता थांबली. मी विचारलं, "पीठ संपलं का?" ती म्हणाली, "न्हाई." तव्यावरची भाकरी करपली. मालनची भाकरी करपलेली मी पहिल्यांदा बघितली.

१८ मे

आज सकाळी जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी माडीवर गेलो तर मालन आधीच तिथं. सुकूचं काम चालू होतं. मालननं लॅपटॉप आणि गोधडीच्या मधात हात घातला, तापल्या लेकराच्या पाठीखाली घालावा तसा. थोडा वेळ ठेवला. मग म्हणाली, "उचल ते."

सुकूनं लॅपटॉप उचलला. मालननं गोधडी वढून काढली. खालची जाळी उघडी पडली आणि दोन्ही पंख्यांचं वारं माझ्या तोंडावर आलं. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वाट्या, फ्लेक्स, सागवानी टेबल, सारं एकदम. मी बालाजीला टेबल म्हणालो होतो. गोधडी मला आठवलीच नव्हती. ती वस्तू हाय असं मला वाटलंच न्हाई, घरातलीच होती ती.

मालन सुकूला म्हणाली, "तुला ठावं होतं."

सुकूनं लॅपटॉप पोटाशी धरला.

"बोलली कामून न्हाईस?"

"तू डोळ्याचं पाणी पुसत पुसत शिवलीस आई. कसं सांगू?"

"अगं येडे," मालन म्हणाली, "मी ती तुज्यासाठी शिवली. त्या मिशिनीसाठी शिवली का?" आणि गोधडी सुकूच्या अंगावर टाकली. एवढ्या उन्हाळ्यात. सुकूनं ती गुंडाळून घेतली आणि पुन्हा रडली, पण परवासारखं न्हाई.

मग मालन माझ्याकडं वळली. "आन तुमी. सारी परभणी पालथी घातली, खाली वाकून बघितलं न्हाई."

मला राग यायला पाहिजे होता, आला न्हाई. उलट छातीत कायतरी मोकळं झालं. लॅपटॉप उघड्या जाळीवर ठेवला. दिवसभर चालला. दुपारच्या उन्हात बी चालला.

२० मे

गेला एकदाचा नमुना. पाठवायच्या आधी सुकूनं आमाला दाखवला. आमचंच अंगण केलंय. लिंबाचं झाड, हापसा, मालनचा मोगरा, भगवानरावांचं कुंपण, त्यांच्या बनियनसकट. त्यांना सांगणार न्हाई. सावल्या अशा पडल्यात की ऊन लागंल असं वाटतं.

लिंबाखाली माझी खुर्ची होती. रिकामी. पण आपली आपणच जरा जरा हलायली होती.

मी म्हणालो, "ही कामून हलायली?"

"माणूस बसवायला लय वेळ लागतो बाबा. तेवढा नव्हता. म्हणून नुसती खुर्ची हलवली."

मी खाली येऊन हापशावर तोंड धुतलं.

२९ मे

पुण्याहून फोन आला. घेतलं तिला. नऊ जूनला हजर व्हायचंय. फोनवरच्या बाईनं सुकूला सांगितलं म्हणं की हलणारी खुर्ची सगळ्यांना आवडली.

मालननं साखर वाटली. भगवानराव म्हणाले, "गेम बनवून नोकरी लागती का? मपल्या नातवाला बी लावा कुठं." मी म्हणालो, "आधी त्याला बिघडवावं लागंल." सगळे हसले, मी बी हसलो. मग स्टँडवर गेलो, जी गाडी लागली होती तिच्यात बसलो. पालमची निघाली. पालमला चहा प्यायलो आणि तीच गाडी धरून परत आलो. कंडक्टरनं विचारलं, "मामा, काम झालं का?"

पोरगी जिंकली आणि मला आनंद झाला. आणि घर रिकामं होणार म्हणून वाईट बी वाटलं. दोन्ही खरं हाय.

८ जून

सुकू गेली.

सकाळच्या पुण्याच्या गाडीवर सिद्धोधनची ड्युटी होती. मी खिडकीची जागा बघून बसवलं. बॅग वर ठेवली. पॅडची वायर घेतली का विचारलं. घेतली म्हणाली. लॅपटॉप बॅगेत, पॅड बॅगेत. गोधडी तेवढी मांडीवर. म्हणाली, "हापिसात एसी लय असतो म्हणं बाबा. पांघरायला होईल." मी परत पॅडच्या वायरीचं विचारलं.

सिद्धोधन म्हणाला, "मामा, टाइम झाला."

मी म्हणालो, "थांब, एक पाशिंजर येतंय."

कोणी येत नव्हतं. सगळ्या नोकरीत घरच्या माणसासाठी मी गाडी कधी थांबवली न्हाई, कुणी पाया पडलं तरी न्हाई. आज खोटं बोलून थांबवली. सिद्धोधननं फाटकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दोरीवरचा हात खाली घेतला. ड्रायव्हरनं बी गिअर टाकला न्हाई. गाडीतली माणसं घड्याळ बघायला लागली. सुकू म्हणाली, "बाबा, कोण येतंय?"

खालून मालन म्हणाली, "अवं, उतरा आता. वारं लागू द्या तिला."

मी उतरलो. दार लागलं. तरी सिद्धोधन घंटी देईना. दारातून वाकून म्हणाला, "तुमी म्हणाल तवा, मामा."

मी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी निघाली. सुकूचा हात खिडकीतून दिसत होता, मग पुलाकडच्या वळणाला दिसायचा बंद झाला.

घरी येऊन खुर्चीत बसलो. मालननं चहा दिला आणि समोर बसली. माडीवर आवाज न्हाई, घरघर न्हाई.

मग ती म्हणाली, "पाय हलवा की जरा. घर लय गप झालंय."